पुठ्ठ्याची ढाल का वाकते आणि सोनेरी रंग हळदी का दिसतो

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. १९ फेब्रुवारीला गावातून शिवजयंतीची मिरवणूक निघते. त्यात सहावी-सातवीची १२ मुले आहेत: एक शिवाजी महाराज, एक जिजाऊ आणि १० मावळे. ढाली, तलवारी, कट्यारी, जिरेटोप, दागिने असे सगळे शाळेतच आणि कमी खर्चात करायचे आहे. गेल्या वर्षी खोक्याच्या पुठ्ठ्याच्या ढाली केल्या, त्या रात्रीतून पापडासारख्या वाकल्या. सोनेरी रंग उन्हात निव्वळ पिवळा दिसला. जिरेटोप मुलांच्या डोळ्यांवर घसरत राहिले. त्यांनी विचारले आहे, "पुठ्ठ्याऐवजी दुसरे कोणते मटेरियल घेऊ?"

ताई, मटेरियल बदलायची गरज नाही. खोक्याचा पुठ्ठा, रद्दी, मांजरपाट, जुन्या साड्या आणि फेव्हिकॉल यांतून हे सगळे होते. स्वस्त सामान ओळखू येते ते तीन गोष्टींमुळे: कापलेली उघडी कड, सगळीकडे सारखी असलेली चकाकी आणि चुकीच्या जागी पडलेले वजन. तुमच्या तिन्ही तक्रारी याच तीन गोष्टींतून आल्या आहेत. ढालीची कड उघडी होती आणि दोन्ही बाजूंना सारखा ताण नव्हता, रंगाखाली अस्तर नव्हते, आणि टोपाचे वजन पुढे आले होते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. मिरवणूक उन्हात असेल तर लोक दोन-तीन हातांवरून पाहतात, फोटोही जवळून निघतात, म्हणून पृष्ठभाग नीट हवा. हेच साहित्य रंगमंचावर वापरायचे असेल तर बारीक नक्षी प्रेक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. तिथे आकार मोठा आणि उठाव खोल ठेवायचा. फेब्रुवारीत हवा कोरडी असते, एक थर रात्रीतून वाळतो. ६ जूनच्या राज्याभिषेक दिनासाठी कोकणात हेच काम कराल तर वाळवायला किमान दुप्पट वेळ धरा, आणि खळ (मैदा शिजवून केलेली चिकी) शक्यतो वापरूच नका, तिला बुरशी येते.

काम सुरू करण्याआधी यादी छोटी करा. मावळ्यांना जिरेटोप नको. मावळ्याच्या डोक्याला मुंडासे, कमरेला शेला. म्हणजे १० टोपांचे काम एका फटक्यात जाते आणि वेशही अधिक खरा होतो. १० कट्यारींचीही गरज नाही; तीन-चार पुरे, त्याही पुढच्या रांगेतल्या मुलांना. तलवारी सगळ्यांना हव्या असतील तर त्यांतल्या निम्म्या म्यानातच ठेवा आणि त्यांना पातेच करू नका. म्यान, त्यातून वर आलेली मूठ आणि खांद्यावरून आलेला पट्टा एवढे दिसले की पाते आहे असेच वाटते. शिवाय सातवीतल्या १० मुलांच्या हातांत १० उघडी पाती दिल्यावर काय होते, हे शिक्षकांना मी सांगायला नको.

आता ढाल, कारण खरे कौशल्य तिच्यात आहे.

पुठ्ठा का वाकतो ते आधी बघू. एका बाजूला ओला कागद चिकटवला की तो आधी फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूने ओढणारे काहीच नसते. म्हणूनच पुस्तक बांधणारे पुठ्ठ्याच्या आतूनही कागद लावतात. दुसरे कारण, फेव्हिकॉल पुरवायला त्यात भरपूर पाणी घातले जाते आणि ते पाणी पुठ्ठ्यात मुरते. तिसरे, लवकर वाळावे म्हणून ढाल उन्हात ठेवली जाते. वरची बाजू आधी वाळते, खालची ओलीच राहते. सपाट चकती हे सगळे सहन करत नाही. तिला थोडा फुगवटा दिला की तिची ताकद कित्येक पटींनी वाढते, आणि खरी ढालही फुगीरच असते.

सहावी-सातवीच्या मुलाला ३८ सेंमी व्यासाची ढाल पुरते. त्यासाठी पुठ्ठ्याच्या ४० सेंमी व्यासाच्या दोन चकत्या कापा. पुठ्ठा तीन पदरी घ्या, म्हणजे मधे नळ्यांचा एकच थर असलेला. फ्रिजच्या खोक्याचा पाच पदरी पुठ्ठा इथे नको, तो वळत नाही, मोडतो. चकतीवर लाटणे दाबून दोन्ही दिशांनी फिरवा, म्हणजे आतल्या नळ्या चेपतात आणि पुठ्ठा लवचीक होतो. मग कडेपासून केंद्राच्या दिशेने १० सेंमी लांबीचे ८ काप सारख्या अंतरावर आखा. प्रत्येक काप कडेला आठ मिलिमीटर रुंद आणि आत टोकाला शून्य, असा बारीक त्रिकोण कापून काढा. आठांचे मिळून ६.४ सेंटिमीटर होतात. चकतीचा परीघ तेवढा कमी झाला की कड ३८ सेंटिमीटरवर येते आणि मधे साधारण पाच सेंमी फुगवटा मिळतो. जास्त फुगवटा हवा म्हणून काप रुंद करू नका, ढाल घमेल्यासारखी दिसायला लागते.

काप एकमेकांना टेकवून वर कागदी चिकटपट्टी लावा. दुसऱ्या चकतीलाही तसेच करा. ती पहिलीच्या आत बसवताना तिचे काप पहिलीच्या कापांच्या मधोमध येऊ द्या आणि नळ्यांची दिशा आडवी जाऊ द्या. मधे फेव्हिकॉल जाडच लावा, पाणी न घालता, ब्रशने पातळ पसरून. मग ती जोडी प्लास्टिकचा कागद घातलेल्या घमेल्यात उताणी ठेवा आणि आत तीन-चार किलो वाळूची पिशवी सोडा. वाळू प्रत्येक कोपऱ्यात बसते, वीट बसत नाही. रात्रभरानंतर वाळू काढून ढाल सावलीत, पंख्याखाली, तीन वाट्यांवर टेकवून ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते.

वाळल्यावर कडेवर सुतळीची एक फेर चिकटवा. कातडी ढालीची कड किंचित बाहेर वळलेली असते. सुतळीने ती जाडी येते आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांची भोके बुजतात. मग दोन्ही बाजूंना वर्तमानपत्राच्या तीन-चार सेंमी रुंद पट्ट्यांचे दोन-दोन थर द्या. पट्ट्या कात्रीने कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ असते, ती खालच्या कागदात मिसळून जाते. कापलेल्या कडेची रेघ रंगातूनही दिसते. पहिला थर वर्तमानपत्राचा आणि दुसरा खाकी कागदाचा लावला तर कुठे राहिले ते मुलांना लगेच कळते.

शेवटी वरच्या बाजूला मांजरपाट किंवा जुने धोतर, ५० सेंटिमीटरचा चौकोन. तो खळीत बुडवून, पिळून, मधून कडेकडे ताणत बसवा आणि तीन सेंमी आत वळवा. वळणाच्या जागी दर चार-पाच सेंटिमीटरवर छोटी चीर द्या, नाहीतर चुण्या पडतात. याने वरची ओढ वाढते, म्हणून आतूनही कापडाची एक चकती लावायला विसरू नका. खळ एक वाटी मैदा आणि पाच-सहा वाट्या पाण्याची. ती शिजवून गार झाल्यावर तिच्यात एक तृतीयांश फेव्हिकॉल मिसळा. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मुलांचे हात त्यात जाणार असतील तर मोरचूद अजिबात नको, ते विषारी आहे. त्यापेक्षा रोज ताजी खळ करा. एका ढालीला साधारण दीडशे ग्रॅम फेव्हिकॉल लागते, १० ढालींना दीड ते दोन किलो धरा.

ढालीवरची चार फुले ही नुसती शोभा नाही. खऱ्या ढालीत मागच्या पट्ट्यांच्या कड्या जिथून आरपार येतात तिथेच पुढे ही फुले असतात. आपणही तेच करायचे. मध्यापासून सारख्या अंतरावर, सुमारे १४ सेंटिमीटरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर भोके पाडा. मागे निवाराच्या पट्टीचे दोन तुकडे, पुढून बारीक बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वायसर. वायसर नसेल तर पहिल्याच हिसक्याला पट्टी पुठ्ठ्यातून फाडून निघते. बोल्टच्या डोक्यावर फूल चिकटवायचे. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो; तो अर्धा कापला की दोन फुले. आत कागदाचा लगदा भरा, नाहीतर बोटाने दाबताच चेपते. खाली सहा सेंमी व्यासाची पाकळ्यांची चकती जाड पुठ्ठ्याची. दोन्ही पट्ट्या एका मुठीत धरल्या जातील एवढ्या ढिल्या ठेवा आणि त्यांच्याखाली बोटांच्या पेरांना टेकायला कापसाची छोटी गादी शिवा. ही गादी लोक विसरतात, आणि मग दहा मिनिटांत मुले ढाल काखेत मारून चालायला लागतात.

पुण्याला जाणे झाले तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रे पाहा. मुंबईला असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. कड कशी वळली आहे, चकाकी कुठे घासून गेली आहे, नक्षी मधेच आहे की सगळीकडे, एवढे टिपून आणा. छायाचित्रातून हे कळत नाही.

तलवारीबद्दल थोडी सुटका करून घेता येते. सगळ्या तलवारी वाकड्या असायला हव्यात असे नाही. मराठ्यांकडे सरळ पात्याच्या तलवारीही भरपूर होत्या. युरोपातून आलेली सरळ पाती आपल्याकडच्या मुठीत बसवून फिरंग होत असे. बांबूची कामटी वाकवणे जमत नसेल तर सरळ फिरंग करा, इतिहासाला धरूनच होईल. कामटी सत्तर सेंमी लांब, एक सेंमी रुंद, तीन मिलिमीटर जाड. तिच्या दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटरचे ईव्हीए फोम (चपलेच्या तळाला असते तसले लवचीक), पात्याची रुंदी साडेतीन ते चार सेंमी, लांबी पंचावन्न. फोममध्ये कामटीपुरती उथळ खाच करा, नाहीतर मधे उंचवटा येतो. कडा धारदार कटरने तिरक्या उतरवा. जाडी लपते ती इथेच. टोक गोल ठेवा आणि कामटी टोकाच्या चार सेंमी अलीकडेच संपवा.

इथे एक चूक हमखास होते. फोमला फेव्हिकॉल धरत नाही. त्याला चप्पल दुरुस्त करणारे वापरतात तो पिवळा रबरी गम लागतो. दोन्ही बाजूंना लावायचा, आठ-दहा मिनिटे थांबायचे, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचे. ओला असतानाच जोडला तर सरकतो आणि सुटतो. हाच गम थर्माकोलला लावला की थर्माकोल विरघळतो. स्प्रेच्या रंगानेही तेच होते. तसेही सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे तो विषय सोडूनच द्या. गमाचा वास उग्र असतो, हे काम मोठ्यांनी आणि उघड्यावर करावे.

मूठ कामटीभोवती वर्तमानपत्र गुंडाळून करा, मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळती. वर पाच सेंमी व्यासाची गोल चकती, तिच्यावर एक मणी. परज, म्हणजे मुठीवरच्या बोटांच्या बचावाची कमान, तीन मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या तारेची, कागदी पट्टीने गुंडाळलेली. तारेचे टोक उघडे ठेवू नका, आत वळवून मुठीच्या कागदात गाडा. पात्याला चंदेरी चिकटपट्टी लावायचा मोह होतो, तो टाळा. आरशासारखे चमकणारे पाते जत्रेतल्या खेळण्याचे दिसते. आधी काळा रंग, वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी, पात्याच्या लांबीच्या दिशेने.

कट्यार सगळ्यात सोपी. ती कमरेच्या शेल्यात म्यानासह खोवलेली असते, म्हणून पाते हवेच कशाला? चोवीस सेंमी लांबीचा निमुळता त्रिकोण पुठ्ठ्याचा, त्यावर लाल मखमल. वर दोन उभे दांडे आणि त्यांच्यामध्ये मुठीत धरायचे दोन आडवे दांडे, आईस्क्रीमच्या काड्या दोन-तीन थरांत चिकटवून. मखमल मागे वळवून शिवा. फक्त चिकटवली तर घामाने सुटते.

आता डोके. मुंडाशासाठी साडेतीन ते चार मीटर लांब आणि ४५ सेंमी रुंद सुती कापड. जुन्या सुती साडीचे उभे दोन भाग केले तर दोन मुलांचे भागते. सॅटिन घेऊ नका: ते घसरते, आणि त्याची चमक सतराव्या शतकाची वाटत नाही. मिरवणुकीत कोणाच्या डोक्यावर मुंडासे नव्याने बांधायला वेळ नसतो, म्हणून साध्या गांधी टोपीवर वेढे घेऊन जागोजागी टाके घाला. मुलाने ते टोपीसारखे घालायचे.

जिरेटोप फक्त महाराजांचा. सतराव्या शतकात काढलेली महाराजांची चित्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये आहेत. त्यांत डोक्याला गुंडाळलेले पागोटे आणि वर तुरा दिसतो. आज आपण कॅलेंडरवर पाहतो तो घट्ट टोकदार टोप बराचसा नंतरच्या चित्रकारांचा आणि रंगभूमीचा. गावातल्या लोकांच्या नजरेत मात्र तोच बसला आहे. मी अशा वेळी मधला मार्ग काढतो: बाह्यरेषा ओळखीची, पण वेढे आणि पीळ खऱ्या कापडाचे. पत्र्यासारखा ताठ, सोनेरी कागद चिकटवलेला टोप मला कधीच पटलेला नाही.

सांगाडा बक्रमचा, म्हणजे कॉलरच्या आत घालतात त्या ताठ कापडाचा. शिंप्याकडचा खळ असलेला बक्रम मागा, इस्त्रीने चिकटणारा नको. तो पाण्यात भिजवला की मऊ पडतो आणि वाळला की आकार धरतो. मुलाच्या डोक्याएवढे मडके किंवा तांब्या उपडा ठेवून, प्लास्टिक गुंडाळून, त्यावर बक्रमचे दोन थर ताणा आणि खाली दोरीने आवळा. या वयात डोक्याचा घेर साधारण ५२ ते ५४ सेंमी असतो, पण महाराजांना केसांचा टोप घालणार असाल तर माप त्याच्यावरूनच घ्या. गेल्या वर्षीची गडबड इथेही झाली असू शकते. भुवयांच्या वर एक बोट आणि कानांच्या वरून टेप फिरवा, त्यात एक सेंमी मिळवा. वाळल्यावर मागच्या बाजूला कागदाच्या गुंडाळीचा आठ-नऊ सेंमी उंचीचा निमुळता उंचवटा शिवा. त्यावर कापड. कपाळाच्या वर तीन पीळ: १२ सेंमी रुंदीच्या पट्टीत जाड सुती दोरी घालून पिळलेले, तिरके जाणारे. जुन्या साडीचा जरीचा काठ पिळात आला तर वेगळी सजावट लागत नाही.

घसरण्याचे कारण बहुतेक वेळा माप नसून वजन असते. शिरपेच, तुरा, मोत्यांच्या लडी सगळे पुढे; मागे काही नाही. टोप पुढे कलतोच. त्यावर तीन उपाय करा. आत कपाळाच्या बाजूला टर्किश टॉवेलची दोन सेंमी पट्टी शिवा; अस्तर गुळगुळीत असेल तर घाम आल्यावर काहीच टिकत नाही. मागे सहा-आठ सेंमी इलॅस्टिक द्या. आणि शिरपेच जितका हलका करता येईल तितका करा.

शिरपेचासाठी धातू लागत नाही. दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर नक्षी आखा आणि रेषांवर फेव्हिकॉलने जाड सुती दोरा चिकटवा. पूर्ण वाळू द्या. मग स्वयंपाकघरातले ॲल्युमिनियम फॉइल गमाने वर बसवा आणि कापसाच्या बोळ्याने दाबत जा. दोऱ्याची नक्षी उठून येते. नखाने दाबू नका, फाटते. वरून पातळ काळपट तपकिरी रंग फासा आणि लगेच पुसा. खोलगट जागेत काळे राहते, उंचवटा चमकतो. मोत्यांच्या तुऱ्याला ४ मिलिमीटरचे मोती, १२ सेंमी लांबीच्या ८ लडी, म्हणजे सुमारे २४० मोती. वरची गाठ टोपाच्या आरपार नेऊन आतून बटणाला बांधा. फक्त चिकटवलेला तुरा मिरवणूक संपेपर्यंत टिकत नाही.

मोती विकत घेताना पांढरेशुभ्र सोडा, दुधी पिवळसर घ्या. सगळे एकाच आकाराचे नकोत. मोठ्या सरात ४, ६ आणि ८ मिलिमीटरचे मिसळा. ओवताना नायलॉनचा दोरा दुपदरी घ्या आणि दर पाच-सहा मोत्यांनंतर गाठ मारा. सर तुटला तर रस्त्यावर मोती सांडत नाहीत आणि मागून येणारे मूल घसरत नाही. पुण्यात बोहरी आळी आणि तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वर, इथे मणी आणि जर घाऊक मिळते. गावाकडे लग्नसराईच्या दुकानातल्या तुटक्या हारांचे मणी त्याहून स्वस्त पडतात.

कवड्यांची माळ खऱ्या कवड्यांचीच करा, त्या महाग नसतात. ड्रिलने भोक पाडायला गेलात तर कवडी फुटते. तिची पाठ ओल्या दगडावर किंवा खरखरीत सँडपेपरवर घासा. फुगवटा झिजून तिथे आपोआप तोंड पडते आणि दोरा पलीकडच्या फटीतून निघतो. घासताना पाणी लावत राहा, धूळ उडत नाही.

जिजाऊंसाठी चिंचपेटी, पाटल्या आणि एक लांब सर एवढे पुरे. चिंचपेटीला दोन सेंमी उंच आणि पावणेदोन सेंमी रुंद असे पुठ्ठ्याचे ९ चौकोनी तुकडे. प्रत्येकाच्या मागे दोन आडव्या कागदी नळ्या, रिकाम्या रिफिलचे तुकडेही चालतात. समोर मधे लाल खडा, भोवती ३ मिलिमीटरचे मोती. दोन दोरे नळ्यांतून ओवले की पेट्या मानेच्या वळणाने वळतात. अखंड पट्टी केली असती तर ती गळ्यापासून सुटी उभी राहिली असती. मागे गोंड्याचा दोरा.

सोनेरी रंगाचे मुद्दाम शेवटी ठेवले आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर किंवा थेट कागदावर सोनेरी लावला की खालचा पांढरा वर येतो आणि उन्हात तो हळदी दिसतो. सोन्याचा वर्ख लावणारे कारागीर खाली लालसर मातीचे अस्तर देतात, त्याच कारणाने. आपल्याकडे गेरू आहे. गेरू पाण्यात कालवून त्यात निम्मे फेव्हिकॉल मिसळा आणि जिथे सोने दिसायला हवे तिथे दोन हात द्या. वाळल्यावर सोनेरी ॲक्रिलिक, तोही पूर्ण झाकणारा नको. ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि फक्त उंचवट्यांवरून फिरवा. खोलगट भागात गेरू दिसत राहू द्या. मग पातळ तपकिरी रंग फासून लगेच पुसा.

सुटी सोनेरी पूड स्वस्त मिळते, पण ती तांबे-जस्ताची असते, पाण्याच्या माध्यमात काळी-हिरवी पडते आणि नाकातोंडात जाते. मुलांसोबतच्या कामात ती नको. सोनेरीवर सगळीकडे वॉर्निश फिरवू नका, चकाकी मरते. हात लागतो त्या जागी, म्हणजे मुठीवर आणि ढालीच्या कडेवर तेवढे द्या. ढालीचा मुख्य रंग काळपट तपकिरी ठेवा, अर्धवट चमकेचा. सोनेरी फक्त फुलांवर आणि कडेच्या एका बारीक पट्टीवर. १० सोनेरी ढालींपेक्षा १० काळ्या ढालींवरची ४० फुले उन्हात कितीतरी उठून दिसतात.

कामाचा क्रम थोडक्यात असा: पहिल्या दोन दिवसांत मापे, चकत्या आणि त्यांचे जोड. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कागद, पाचव्याला कापड. ढाली वाळत असताना मुंडाशी, पीळ आणि मोती. सहावा दिवस पूर्ण मोकळा ठेवा, फक्त वाळण्यासाठी. घाई इथेच नडते, कारण आतून दमट ढालीवर रंग दिला तर आठवड्यात फोड येतात. सातव्याला अस्तर, आठव्याला रंग, नवव्याला पट्ट्या, फुले आणि शिवण. दहाव्या दिवशी मुलांना सगळे घालून अर्धा तास चालवा. पळवा, वाकवा, खाली बसवा. जे सुटायचे ते तेव्हाच सुटू दे.

मिरवणुकीच्या दिवशी एका मोठ्या माणसाच्या पिशवीत सुईदोरा, मोठ्या सेफ्टी पिना, कागदी चिकटपट्टी, रबरी गमाची छोटी ट्यूब, दोन वायसर-बोल्ट, निवाराचा हातभर तुकडा आणि काळा व सोनेरी रंग छोट्या डबीत ठेवा. परत आल्यावर ढाली भिंतीला तिरक्या टेकवून ठेवू नका; घमेल्यांसारख्या एकात एक उपड्या रचा, मधे वर्तमानपत्र घालून. खळीचा वास उंदरांना आणि झुरळांना ओढतो, म्हणून बंद पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या टाका. गोळ्या घालाल तर पेटीवर तसे लिहा आणि ती मुलांच्या हाती पडणार नाही अशा जागी ठेवा.